धारूरचा घाट उतरेल एवढा ब्रेक राखून

ट्रॅक-डे म्हणजे आपलीच गाडी रेसट्रॅकवर नेऊन पळवायचा दिवस. त्याची तयारी मी उलटी मोजतो, परतीच्या शेवटच्या टप्प्यापासून. चेन्नईहून किंवा कोइमतूरहून हजार-अकराशे किलोमीटर तोडून गाडी मराठवाड्यातल्या धारूरला पोचते, गाव मागे पडतं आणि बालाघाटच्या डोंगरातला अरुंद, वळणावळणाचा घाट सुरू होतो. बहुधा रात्र झालेली असते. ट्रॅक-डेचे महिने आणि उसाच्या गळिताचे महिने जवळजवळ तेच, त्यामुळे घाटात कुठेतरी पुढे उसाची जोड-ट्रॉली असते आणि तिला मागे दिवा असेलच असं नाही. आदल्या दिवशी ज्या ब्रेकवर ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं पाय दाबला, त्याच ब्रेकवर हा घाट उतरून खाली तेलगावला यायचं असतं. गाडी ट्रेलरवर टाकून नेणारे लोक वेगळे. तुमच्या-माझ्यासारख्याने गाडी चालवत न्यायची, ट्रॅकवर पळवायची आणि चालवत परत आणायची. पुढची सगळी कृती ही एक अट धरून लिहिली आहे.

गाडी कोणती हा प्रश्न पहिला येतो. ट्रॅक-डेला पोर्शे येतात तशा पोलो आणि स्विफ्टही येतात. माझी स्वतःची गाडी सेकंडहँड, छोटी टर्बो हॅचबॅक आहे. हलकी गाडी कमी तापते, टायर कमी खाते आणि चूक केली तर लवकर सांगते. शिकायला ती उत्तम. ट्रॅकसाठी मी दक्षिणेला जातो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभारलेला ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. त्याआधी तिथले लोक शोलावरमच्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती लावत. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे. तो एस. कारीवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. मारुती ८०० चं साधं इंजिन घेऊन त्यांनी एकआसनी रेसगाड्या बनवल्या आणि सामान्य पोरांना रेसिंगचं दार उघडून दिलं. ते १९९५ साली गेले. उत्तरेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहे, २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या तो. नवख्याने पहिल्यांदा कारीसारख्या लहान ट्रॅकवर जावं. वळणं लवकर पाठ होतात आणि सरळ रस्ता छोटा असल्यामुळे वेग आवाक्यात राहतो.

त्याआधी जमलं तर कोल्हापूर गाठा. मोहिते रेसिंग अकादमीच्या गो-कार्ट ट्रॅकवर अर्धा दिवस काढला तरी नजर कुठे ठेवायची हे अंगात भिनतं. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला होता. मराठी मुलाला ही वाट मोकळी आहे एवढं तरी त्यातून कळतं.

एक गोष्ट कृती सुरू करण्याआधीच. सराव म्हणून धारूर घाटात, परळी रस्त्यावर किंवा माजलगावच्या बाजूला गाडी पळवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं असतात, बैलगाड्या असतात, शाळेची पोरं असतात. वेगाची हौस मला लहानपणापासून आहे, आणि ती फेडायला हजार किलोमीटर जातो ते याचसाठी.

महिनाभर आधी: ब्रेक

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एक साधा हिशेब बघा. चालकासह अकराशे किलोची गाडी १२० च्या वेगावरून ६० वर आणली की ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यावर दीड लिटर साधं पाणी उकळीला येईल. हे एका वळणावर. अशी जोरात ब्रेक मारायची वळणं एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, तीन-चार, आणि वीस मिनिटांच्या एका सत्रात आठ-दहा लॅप. रस्त्यावर आपण असा ब्रेक दिवसातून एखाद्या वेळी मारतो आणि मग त्याला निवायला अर्धा तास मिळतो. ट्रॅकवर अर्धा मिनिटही मिळत नाही.

पहिल्या वेळी मी हे ऐकून होतो, पण मनावर घेतलं नव्हतं. इंजिन ऑइल बदललं, गाडी धुतली, पॉलिश केली. पाचव्या लॅपला सरळ रस्ता संपताना पाय ठेवला आणि पेडल स्पंजासारखं खाली गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा थोडं लागलं. गाडी वळण सोडून मातीत गेली, सुदैवाने पुढे मोकळी जागा होती. चूक माझी होती. ब्रेक ऑइल तीन वर्षं जुनं होतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळे जातात तसं ते ओलं होत जातं. डॉट ४ जातीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून ट्रॅक-डेच्या आधी दोन-तीन आठवड्यांत ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं. नुसती वरून भर घालून चालत नाही. चारही चाकांच्या निपलमधून जुनं काढून नवं स्वच्छ येईपर्यंत ओढायचं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या क्रमाने करा. बाटली सीलबंद हवी, गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली नको. डॉट ४ च्या गाडीत डॉट ५.१ चालतं आणि ते उष्णतेला जास्त टिकतं, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

मग पॅड. आपल्याकडच्या मिस्त्रींची काटकसर इथे आड येते. मी चाकं खोलायला लावली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "दादा, निम्मं पॅड हाय की अजून. दिवाळीपर्यंत जातंय आरामात." रस्त्यासाठी त्यांचं बरोबर होतं. पण पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही, ती सरळ ऑइलकडे जाते. आणि ट्रॅकवरचा एक दिवस पॅडचे काही मिलिमीटर खाऊ शकतो. निम्म्याच्या खाली असलेल्या पॅडवर जायचं नाही, निम्म्याला टेकलेलेही मी बदलतो. काढलेले पॅड फेकू नका, रस्त्यासाठी ठेवा. थोडे चांगल्या प्रतीचे पॅड घ्यायचे तर थंड असतानाही धरतील असेच घ्या. निव्वळ रेसिंगचे पॅड तापल्याशिवाय लागत नाहीत आणि सकाळी गावातल्या चौकात कुत्रं आडवं आलं तर ते तापायची वाट बघणार नाही.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कला रुळवावे लागतात. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही. नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून निवू द्यायची. डिस्कवर एकसारखा करडा थर दिसला की झालं. रबराच्या ब्रेक नळ्या बोटाने वाकवून बघा. चीर दिसली तर बदला.

टायर आणि चाकं

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, घेऊन जायचा नाही. मराठवाड्याच्या उन्हात रबर लवकर वाळतं. पूर्ण नवा टायरही पहिल्या दिवसासाठी नको, त्याची उंच नक्षी ट्रॅकवर तापून फाटते. निम्म्याच्या थोडी वर नक्षी असलेला टायर सगळ्यात बरा.

हवेचं मीटर स्वतःचं विकत घ्या. दोन पंपांची दोन मीटर दोन आकडे सांगतात आणि आपल्याला इथे एक-दोन पीएसआयचा फरक बघायचा असतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या न्यूटन-मीटरवर, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. पान्यावर उभं राहून आवळणारे कारागीर मनाने चांगले असतात, पण त्या आवळण्याने बोल्ट ताणला जातो. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बघून घ्या.

बाकीचं थोडक्यात. इंजिन ऑइल ताजं, पातळी वरच्या खुणेच्या जवळ पण वर नाही, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं. कूलंटची पातळी बघा, बॅटरीची पट्टी घट्ट आहे का बघा. गाडी ओढून काढायचा पुढचा टो-हुक सापडतो का आणि बसतो का ते घरीच बघा; मातीत अडकल्यावर डिक्की उपसत बसायची वेळ येऊ नये. जास्त ताकदीसाठी इंजिनच्या संगणकाचा रिमॅप, मोठा सायलेन्सर यावर पहिल्या वर्षी एक रुपया घालू नका. तो पैसा टायरला आणि शिकवणाऱ्याला द्या.

विम्याचं स्पष्ट जाणून घ्या. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला. घरच्यांना हे आधी सांगा. मी वडिलांना सांगितलं, ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "परत येताना रात्री चालवू नकोस." तेवढं त्यांचं अजून प्रत्येक वेळी ऐकता आलेलं नाही.

प्रवास आणि आदली संध्याकाळ

दोन दिवसांत जा. लातूर, हैदराबाद असं करत पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅकच्या गावी. रात्रभर गाडी हाणून सकाळी ट्रॅकवर उतरणाऱ्याला पहिली चूक दहाच्या आत होते. सोबत एक भिडू न्या, येताना गाडी चालवायला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, तोच तुमचं सामान राखतो आणि पाणी देतो.

सामान: हेल्मेट, टॉर्क रेंच, हवेचं मीटर, पायपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, इंजिन ऑइल एक लिटर, लाकडाचे दोन ठोकळे, ताडपत्री, वही-पेन. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं हवं. स्नेल या संस्थेचं एसए मानांकन गाडीच्या रेसिंगसाठी असतं, त्यात आगीचाही विचार केलेला असतो. कुठलं चालेल ते आयोजकांना आधी विचारा. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळाचे, बंद. चेन्नईची हवा आपल्यासारखी कोरडी नाही, घाम वाळतच नाही; लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मोठ्या बाटलीत करून ठेवा आणि तहान लागायच्या आधी प्या.

ट्रॅकची सकाळ

गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, चार्जर, चष्म्याची डबी, चालकाच्या बाजूचं पायपुसणं, सगळं बाहेर. पाण्याची एक बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. डॅशबोर्डवरचा गणपतीही उतरवायचा. रुमालात गुंडाळून तो पिटमधल्या बॅगेत ठेवा. काहींना हे जड जातं, पण चिकटवलेली मूर्ती जोराच्या ब्रेकमध्ये सुटून पायाशी येऊ शकते.

पेट्रोल निम्म्या टाकीच्या वर. टाकी कमी असली की लांब वळणात पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि गाडी मधेच गचके देते.

सीट लावताना पाठ पूर्ण टेकवा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि खांदे न उचलता मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर.

सूचनांची बैठक असते तिथे पुढे बसा. झेंडे पाठ करा: पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी आली आहे. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, ऑइल किंवा माती. काळा म्हणजे तुम्हाला आत बोलावलं आहे. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ रस्त्यावर, पुढच्याने खूण केल्यावरच. मागच्याला जाऊ देण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, तो गेल्यावर त्याच्याकडून शिकायला मिळतं.

गाडी चालवणं

पहिल्या सत्रात पहिले दोन लॅप निम्म्या जोराने. टायर, ब्रेक आणि तुम्ही तिघंही थंड असता. या लॅपमध्ये प्रत्येक वळणावर झेंडेवाला कुठे उभा आहे ते बघून ठेवा.

वळणाची रेषा बाहेरून आत आणि आतून बाहेर. तेलगावच्या फाट्यावर उसाची जोड-ट्रॉली वळवणारा ट्रॅक्टरवाला आधी बाहेर घेतो आणि मग आत येतो. त्याचं कारण वेगळं, पण चित्र हेच. असं केल्याने वळण जास्त मोठ्या वर्तुळाचं होतं आणि गाडी जास्त वेगाने निघते. आतल्या कडेला सगळ्यात जवळ जातो तो बिंदू नवख्याने थोडा उशिराच घ्यावा. लवकर आत शिरलं तर बाहेर निघताना रस्ता संपतो.

टायरची पकड म्हणजे एक भाकरी समजा. सगळी ब्रेकला दिली तर वळायला काही उरत नाही. अर्धी-अर्धी वाटता येते, पण दीड भाकरी कुठून आणणार? म्हणून ब्रेक सरळ रेषेत, जोरात आणि लवकर. पहिला दाब मोठा, मग वळणात शिरता शिरता हळूहळू सोडायचा. झटक्याने पाय काढलात तर पुढच्या चाकांवर आलेलं वजन एकदम मागे जातं आणि नेमकं वळायच्या वेळी पुढची पकड सुटते. एसटीत उभं राहिलेल्या माणसाला ड्रायव्हरने ब्रेक कसा सोडला ते पायात कळतं. तेच टायरला कळतं.

नजर बोनेटच्या पुढे नको. ब्रेक मारताना वळणाच्या आतल्या बिंदूकडे, आत शिरताना बाहेर निघायच्या जागेकडे. भिंतीकडे बघितलं की हात गाडीला भिंतीकडेच नेतात.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जास्त वेगाने वळणात घातली की सरळ घसरत जाते. हात आपोआप स्टीअरिंग आणखी वळवायला बघतो, ते टाळा. ॲक्सिलरेटर थोडा सोडा, स्टीअरिंग किंचित सरळ करा, पुढची चाकं परत धरतात. मागचा भाग निसटला तर जायचं तिकडे बघा, हात मागोमाग जातात. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा, ती थांबेपर्यंत. दोन चाकं कडेच्या मातीत गेली तर झटक्याने परत ओढू नका. स्टीअरिंग सरळ धरा, वेग उतरू द्या, मागून कोणी येत नाही हे बघून मग वर या. मी पाहिलेल्या पलट्या सगळ्या त्या झटक्यातून झाल्या आहेत.

पेडलची भाषा ऐका. पेडल मऊ पडून खोल जाऊ लागलं तर ऑइल उकळतंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, वास येतोय, तर पॅड जास्त तापले आहेत. दोन्ही वेळा उपाय एकच: सत्र तिथे संपवा, ब्रेक शक्यतो न लावता एक सावकाश लॅप घ्या आणि आत या. लॅपची वेळ पहिल्या दिवशी मोजूच नका. आयोजकही बहुधा मोजू देत नाहीत.

सत्रांच्या मधे

शेवटचा लॅप नेहमी निवण्यासाठी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला दाबून ठेवू नयेत. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा. टर्बो असेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून बोनेट उघडा.

लगेच हवा मोजा. सकाळी थंड असताना भरलेली हवा आता चार-सहा पीएसआयने वाढलेली असते. चारही टायरचे आकडे वहीत लिहा आणि वाढलेल्यातली थोडी काढा. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारली तर तो किती वाकतो तेही दिसतं: रेघ खांद्याच्या खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, अजिबात पुसली नाही तर जास्त. चाकं निवल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. पहिल्या सत्रानंतर एखादा थोडा सैल सापडतोच.

चौथं-पाचवं सत्र सोडून द्यायला शिका. दुपारनंतर अंग थकतं, आणि हिंमत मात्र तेव्हाच वाढलेली असते. माझा नियम आहे की पॅड आणि टायर यांचा तिसरा हिस्सा घरच्या रस्त्यासाठी राखायचा, सत्राचे पैसे भरलेले असले तरी.

परत

निघण्याआधी टायर पूर्ण निवू द्या आणि काढलेली हवा परत भरा, सामानासह हायवेच्या आकड्यापर्यंत. हे विसरणारे खूप आहेत. ट्रॅकसाठी हवा काढलेला टायर थंड झाल्यावर फारच खाली येतो, आणि भरल्या गाडीने हायवेवर तोच फुटतो. चाकाच्या फटीतून पॅडची जाडी बघा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, नट एकदा शेवटचे आवळा, गाडीखाली वाकून कुठे गळतं का बघा. स्टेपनी आणि जॅक डिक्कीत गेले का? पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश, रेडिओ बंद ठेवून, आवाज ऐकत चालवा. रस्त्यावरचा वेग तेव्हा फसवा वाटतो, शंभरसुद्धा चाळीससारखा. भिडूला आकडा वाचून सांगायला बसवा.

आणि धारूर. गाव मागे पडलं की घाटाच्या तोंडावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उतरा. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून बघा, घट्ट आहे ना. मग दुसऱ्या गिअरमध्ये खाली निघा. उतार गिअरने धरायचा, ब्रेक वळणाआधी एकदा, थोडा, आणि सोडून द्यायचा. पुढे ट्रॉली दिसली तर तिच्या मागे राहा, घाट संपेपर्यंत. तेलगावला पोचल्यावर झोपायच्या आधी गाडी धुऊ नका, डिस्क गरम असतात. सकाळी चाकं खोला, पॅड मोजा आणि वहीत त्या दिवसाच्या हवेच्या आकड्यांखाली चारही पॅडची जाडी लिहून ठेवा.